शेऱ्याचा रकाना

सानपाडा, नवी मुंबई
१३ ऑगस्ट २०२५

वैजयंतीताई,

रविवारी फोन ठेवताना तुम्ही म्हणालात, "आता बोलू नकोस. काय असेल ते लिही." म्हणून लिहिते आहे. पत्राची मला सवय नाही. शेवटचं पत्र बारावीच्या परीक्षेत लिहिलं होतं, पालिका आयुक्तांना, पाच गुणांसाठी.

आधी आभार. रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी फोन केला आणि दुसऱ्या रिंगला तुम्ही उचललात. आपण चार महिने बोललो नव्हतो, आणि का बोललो नव्हतो हे दोघींनाही माहीत होतं. तुम्ही माझा नंबर काढून टाकला असेल अशी माझी समजूत होती. तुम्ही नुसतं "बोल, श्रुती" म्हणालात.

तेव्हा घाईत जे अर्धवट सांगितलं ते आता क्रमाने सांगते.

रविवारी पौर्णिमेनंतरचं उधाण होतं. दुपारी एकला पाच मिनिटं असताना धाकटी खारच्या बांधाला खांड पडली, वीसेक फुटांची, आणि खाडीचं पाणी शेतांतून गावात शिरलं. एक वाजून बारा मिनिटांनी आपल्या संस्थेच्या ॲपवर तालुक्याहून निरोप आला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. ॲप त्या गावातल्या नोंदलेल्या कुटुंबांना सावधानतेचा मेसेज पाठवतं, तितक्याच मदतीच्या पिशव्यांची मागणी तुर्भ्याच्या गोदामाला देतं, आणि पिशवी घेताना मोबाइलवर आलेला आकडा सांगितला की नोंद पूर्ण होते. सगळं बिनचूक चाललं.

यादीत धाकटी खारची कुटुंबं होती एक.

बाजीराव टेम्पोची चावी हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, एका पिशवीला टेम्पो कशाला? बाईकवर टाकतो की." मी म्हटलं, यादीप्रमाणे करा. त्यांनी पिशवी टाकीवर बांधली आणि न्हावा शेव्याच्या कंटेनरांच्या रांगेतून वाट काढत अडीचला ते बांधावर पोचले. टेम्पो दुसऱ्या गावाला गेला.

तीनला पाच कमी असताना मदत क्रमांकावर एका बाईचा फोन आला. आवाज मोठा, घाबरलेला अजिबात नाही.

"पिशवी आली एक. चटईचं अडतीस तुकडं करू काय?"

मी म्हटलं, "यादीत एकच कुटुंब आहे, मावशी. पुतळाबाई पाटील."

"यादीत नसतील. हितं पान्यात हायेत."

त्यानंतर मी तुम्हाला फोन लावायला पंधरा मिनिटं घेतली. ती पंधरा मिनिटं मी यादी पुन्हा तपासण्यात घालवली, असं ऑफिसात सांगितलं आहे. खरं म्हणजे तुमचं नाव उघडून बसले होते.

तुम्ही म्हणालात, "लोखंडी कपाट, खालचा कप्पा, निळ्या पुठ्ठ्याची वही, पान एकेचाळीस. शेवटचा रकाना वाच. बाकीचं तुझ्याकडे आहे." शेवटचा रकाना म्हणजे शेरा, प्रत्येक घराबद्दल तुम्ही हाताने लिहिलेला. मी पान एकेचाळीस आणि बेचाळीसचे फोटो काढून बाजीरावांना पाठवले. बांधावर रेंज होती. खाली गावात नव्हती, पण फोटोला रेंज लागत नाही. तोवर उरणहून बचाव पथकाची रबरी बोट आली होती. त्या लोकांना गाव माहीत नव्हतं. बाजीराव फोन उंच धरून बोटीत बसले आणि एकेका घरापुढे तुमचे शेरे वाचत गेले.

शेवटच्या घराबद्दल त्यांनी मला दोनदा सांगितलं आहे, म्हणून तुम्हालाही सांगते. पथकाने दार ठोठावलं, हाका मारल्या. आतून काही नाही. आजूबाजूची घरं आधीच शाळेकडे गेली होती. "इथे कोणी नाही," म्हणून बोट वळायला लागली. बाजीरावांनी वाचलं: "गोजरा. एकटी. ऐकू येत नाही. पुढचं दार लावून घेते. मागच्या खिडकीशी जाऊन हात दाखवावा. परात वाजवून उपयोग नाही." बोट मागे गेली. गोजराबाई खाटेवर उभ्या होत्या, पाणी खाटेच्या वर आलं होतं, आणि दोन्ही काखांत कोंबड्या होत्या. त्यांनी खिडकीतून आधी कोंबड्या दिल्या.

पाच वाजून वीस मिनिटांनी अडतीस कुटुंबं, एकशे एकसष्ट माणसं, शाळेच्या पहिल्या मजल्यावर होती. सहाला टेम्पो पोचला, चाळीस पिशव्या घेऊन. कोणी दगावलं नाही. याचं श्रेय ऑफिसात ॲपला दिलं जात आहे. ते ॲपचं नाही.

एप्रिलमध्ये धाकटी खारची सदतीस कुटुंबं यादीतून वगळली गेली होती. त्यावरच्या माझ्या अहवालानंतर तुम्ही काम सोडलंत. तो अहवाल अजून फायलीत आहे, तुमच्या नावासकट. तो काढून घ्यायला हवा, हे मला कळतं.

श्रुती


सानपाडा
२२ ऑगस्ट २०२५

वैजयंतीताई,

रोह्याहून तुमचं कार्ड आलं. वॉचमननी ते सोसायटीच्या नोटीस बोर्डला लावून ठेवलं होतं. त्यांना वाटलं, इतकं कमी लिहिलंय म्हणजे सगळ्यांसाठीच असणार. "गोजराच्या कोंबड्या किती वाचल्या? घरं कुणी वगळली ते लिहिलं नाहीस."

कोंबड्या सात होत्या, सातही वाचल्या.

घरं मी वगळली. ७ एप्रिलला, सोमवारी, सकाळी साडेअकरा वाजता. एका मोबाइल नंबरावर एकापेक्षा जास्त कुटुंबं असतील तर पहिलं ठेवायचं आणि बाकीची दुबार समजून काढायची, असा नियम मी लिहिला आणि चालवला. दोन्ही तालुक्यांतून दोनशे बारा नावं गेली. त्यांतली सदतीस एका गावातली, एका नंबरावरची, एकाच कार्यकर्तीने नोंदवलेली. मला ते सापडल्याचा आनंद झाला. हे आठवून लिहायला बरं वाटत नाही, पण झाला होता.

मग मी अहवालात लिहिलं: "एकाच क्रमांकावर अडतीस कुटुंबे. नोंदणी करणाऱ्या श्रीमती वैजयंती बर्वे यांनी नावे रचली असण्याची शक्यता नाकारता येत नाही." बैठकीत ते वाक्य भिंतीवर दाखवलं. अकरा माणसं होती. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात, पिशवीची चेन लावलीत आणि गेलात. तेवीस वर्षं अंगणवाडीत आणि चार वर्षं आपल्याकडे काम केलेली बाई एक शब्द बोलत नाही, याचा अर्थ मी माझ्या सोयीचा लावला.

आणखी एक गोष्ट आहे. फेब्रुवारीत वह्या संगणकात चढवताना तुम्ही माझ्या खुर्चीमागे उभ्या होतात. "शेवटचा रकाना घे गं, त्यातच सगळं आहे." मी म्हटलं होतं, "ताई, त्याला फील्ड नाही." फील्ड करायला मला दहा मिनिटं लागली असती.

गेल्या रविवारी, सतराला, मी धाकटी खारला जाऊन आले. ऑफिसने पाठवलं नव्हतं. पाणी ओसरलं आहे, बांधावर मातीच्या गोण्या टाकल्या आहेत, भातशेती मात्र खारी झाली. पुतळाबाईंचं घर बांधाला लागून, उंचावर. मी नाव सांगितलं तशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तूच काय ती? एक कुटुंबवाली?"

मी हो म्हटलं.

"बस. पानी पी. मंग बोल."

मी त्यांच्या ओट्यावर पावणेदोन तास बसले. त्या वेळात अकरा फोन आले. त्यांपैकी एकही पुतळाबाईंचा नव्हता. एक उरणच्या दवाखान्यातून, कोणाच्या तरी रक्ताच्या रिपोर्टबद्दल. एक बंदरात क्रेनवर काम करणाऱ्याचा, बायकोसाठी. प्रत्येक वेळी पुतळाबाईंचे यजमान देवजीकाका उठत, बांधाच्या टोकाला जात आणि हाक मारत. "सुचिताऽ, तुजे घोवाचा फोन!" खालून सुचिता ओल्या हातांनी पळत येई. गावात खाली रेंज नाही. पुरुष मोबाइल घेऊन कामावर जातात, घरी असलेला मोबाइल खाली लागत नाही. म्हणून दवाखान्यात, शाळेत, रेशनला, गॅसवाल्याला सगळे एकच नंबर देतात. मी माझ्या लॅपटॉपवर पुतळाबाईंना ती यादी दाखवली, नंबर कसा अडतीस वेळा आला होता ते.

"यो नंबर माजा नाय गो," त्या म्हणाल्या, "गावाचा हाय. मी निस्ती उचलते."

देवजीकाका म्हणाले, "बिल मातर आपलाच."

"तुमी गप बसा. हाक मारायला तरी तोंड उगडताव, नायतर दिसभर गप." मग माझ्याकडे वळून, "तू इंजिनेर ना? मंग तवा एक फोन करून इचारायचं व्हतं. मी सांगलं असतं."

याचं उत्तर तुम्हाला देते. तो नंबर माझ्या पडद्यावर अडतीस वेळा आला होता. मी त्यावर एकदाही फोन केला नाही. माणसांना फोन करावा लागू नये म्हणून तर मी ॲप बनवलं होतं.

निघताना पुतळाबाईंनी कागदात बांधून सुकट दिली. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुला नाय. वैजयंतीबायला पाठव. ती पावसात गुडघाभर चिखलातनं घर घर फिरली, आनि तुमी सांगता नावं बनवली." ती सुकट या पत्रासोबत कुरियरने पाठवते आहे. तीन थरांत बांधली आहे, तरी कुरियरवाल्याने दोनदा वास घेतला.

ऑफिसात अरविंद सरांकडून कळलं, तुम्ही पेणच्या संस्थेत अर्ज केला होता आणि त्यांनी आपल्याकडे चौकशी केल्यावर तो थांबला. माझं वाक्य त्यांना पाठवलं गेलं होतं. तुम्ही हे रविवारच्या फोनवरही बोलला नाहीत, कार्डातही नाही. म्हणजे १० ऑगस्टला, मला कपाटाचा कप्पा सांगत होतात तेव्हा, माझ्या एका वाक्यामुळे तुम्ही घरी बसून होतात. त्या दिवशी तुम्ही मला वहीचं पान सांगितलंत, याचे आभार कसे मानावेत ते मला अजून समजलेलं नाही. पण तुमचं नाव त्या फायलीतून स्वच्छ बाहेर काढणं एवढं काम माझ्याकडे आहे. १२ सप्टेंबरला पुढची बैठक आहे. तीच अकरा माणसं.

श्रुती


सानपाडा
२ सप्टेंबर २०२५

ताई,

हे पत्र थोडक्यात आहे आणि चांगलं नाही.

गुरुवारी मी अरविंद सरांना म्हटलं, अहवाल मागे घेते. ते वाईट गृहस्थ नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "श्रुती, घे की. पण 'यंत्रणेतील तांत्रिक त्रुटीमुळे' असं लिही. कोणाचंच नाव नको, तुझं नको, त्यांचंही नको. विषय संपेल. ॲप आणखी चार तालुक्यांत जायचंय, त्याचं मन त्यात दुखायला नको."

"ॲपला मन नाही, सर."

"देणगी देणाऱ्यांना असतं."

मी तसं लिहिलं. सही केली, त्यांच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि घरी आले. दोन दिवस मला ते योग्यच वाटलं. तुमचा दोष नाही हे त्यातून निघत होतंच, असं मी स्वतःला समजावलं. मग शनिवारी आईने विचारलं, "त्या वैजयंतीबाईंचं झालं का गं नीट?" मी "हो" म्हटलं आणि त्या "हो"वर अडकले. आरोप नाव घेऊन केला होता. निर्दोष ठरवताना नाव गाळलं, तर पेणच्या फायलीत तुमचं नाव होतं तसंच राहतं. एवढं साधं गणित मला दोन दिवस सुटलं नाही.

काल सरांच्या ट्रेमधून कागद परत घेतला. नवा लिहिते आहे. यात "शक्यता नाकारता येत नाही" असं काही नसेल.

तुमच्या दुसऱ्या कार्डाचे आभार. "सुकट छान. तू खाल्लीस का?" नाही. मी ब्राह्मण नाही की शाकाहारी नाही, नुसती भित्री आहे. पुढच्या वेळी खाईन.

श्रुती


सानपाडा
१९ सप्टेंबर २०२५

वैजयंतीताई,

सोबत तीन कागद आहेत. पहिला माझा खुलासा, जावक क्रमांक आणि शिक्क्यासह. दुसरा बैठकीच्या इतिवृत्ताचं पान. तिसरा पेणच्या संस्थेला पाठवलेल्या पत्राची प्रत, पोच घेतलेली. तिन्ही तुमच्याजवळ राहू द्या.

बैठक बाराला झाली. अकराच माणसं होती, मोजली. एप्रिलमधलं वाक्य मी पुन्हा भिंतीवर दाखवलं. कोणाला आवडलं नाही. मग खुलासा वाचला: धाकटी खारची अडतीस कुटुंबं खरी आहेत, श्रीमती वैजयंती बर्वे यांनी प्रत्येक घरी जाऊन ती नोंदवली आहेत, सदतीस नावं मी, श्रुती जगताप, पडताळणी न करता काढली, त्या क्रमांकावर एकदाही फोन केला नाही, श्रीमती बर्वे यांच्यावरचा संशय निराधार होता, आणि १० ऑगस्टला गाव वाचलं ते त्यांच्या वहीमुळे. वाचायला दीड मिनिट लागलं.

देणाऱ्यांपैकी एकांनी विचारलं, "म्हणजे तुमचं ॲप चुकतं?" मी म्हटलं, "मी चुकले. ॲपने मी सांगितलं तेच केलं." सर खिडकीबाहेर पाहत होते. बैठकीनंतर त्यांनी मला सांगितलं की नव्या चार तालुक्यांचं काम आता दुसऱ्या कोणाकडे जाईल, माझ्याकडे जुने दोन राहतील. ते मला न्याय्य वाटतं. थोडं वाईटही वाटलं, तेही लिहिते, कारण तुम्ही विचारालच.

उरलेल्या दोन तालुक्यांत मी नंबराचा नियम काढला. आता एका नंबरावर कितीही घरं चालतात, आणि शेरा लिहिल्याशिवाय नोंद पुढे सरकत नाही. काढलेली दोनशे बारा नावं मी एकेक करून फोनवर विचारते आहे. एकशे चाळीस झाली. त्यांत दुबार निघाली नऊ. एका आजोबांनी मला चव्वेचाळीस मिनिटं बोलायला लावलं आणि शेवटी म्हणाले, "पोरी, आता तुला सगळं सांगितलं, पुन्हा विचारू नकोस." मी सगळं लिहून घेतलं आहे.

तुमचे आभार नेमके कशाकशाचे, याची मी बरीच जुळवाजुळव केली. गोजराबाईंसाठी लिहिलेली ती ओळ आहेच. पण त्याहून जास्त मला तुमचं पहिलं कार्ड आठवतं. मी इतकं शहाणपणाने लिहिलेलं पत्र, आणि तुम्ही त्यातली गाळलेली एकच गोष्ट विचारलीत, न रागावता, कोंबड्यांच्या शेजारी. तुम्ही ते विचारलं नसतं तर मी तिथेच थांबले असते आणि स्वतःला प्रामाणिक समजत राहिले असते.

आता शेवटचं. खुलासा लिहिताना माझ्या मनात एक गोष्ट होती, ती मी कोणत्याच पत्रात लिहिली नाही. मला वाटत होतं, नाव साफ झालं की तुम्ही परत याल. तुमची खुर्ची मी कोणाला देऊ दिली नव्हती. तिच्यावर पिशव्यांचे खोके ठेवले होते, मुद्दाम.

काल दुपारी पेणच्या मीना मॅडमचा फोन आला. त्यांनी माझा खुलासा दोनदा वाचला होता. सव्वीस गावं आहेत म्हणाल्या, सगळी खाडीकाठची, आणि यादी कुठेच धड नाही. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे परत जाणार नाहीत ना त्या? नसतील तर सोमवारपासून आम्ही घेतो."

मी म्हटलं, "घ्या. आम्हालाही हव्या होत्या. पण घ्या."

तुमची,
श्रुती